अकराव्या ओळीतला साप



यंदाच्या चातुर्मासात एक कादंबरी वाचली, एक चित्रपट पाहिला आणि एक खेळ खेळले. कादंबरी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, चित्रपट व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आणि खेळ ज्ञानबाजी, म्हणजे आपल्या सापशिडीची पणजी. तिन्हींत नवं काही नाही. ‘सध्या काय वाचतेस, काय बघतेस?’ असं तुमच्यापैकी कुणी विचारलं की मी एरवी चार ओळींत सांगून मोकळी होते. या वेळी ते जमेना. तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक आल्या आणि एकाच प्रश्नाभोवती फिरू लागल्या. माणूस खाली घसरतो तो कशामुळे? आणि घसरलेल्याकडे बघून वरच्या घरातल्याने काय म्हणावं? जतसारख्या दुष्काळी तालुक्यात हा प्रश्न पोथीपुरता राहत नाही.

खेळापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यानेच घेतला.

‘सापशिडी संत ज्ञानेश्वरांनी शोधली’ असा निरोप वर्षातून दोनदा तरी फोनवर येतो. मराठीत मोक्षपट नावाचा खेळ होता हे खरंच आहे. पुण्याला रा. चिं. ढेरे यांच्या हस्तलिखितांच्या संग्रहात असे पट मिळाले आहेत, आणि त्याचं श्रेय ज्ञानदेवांना देण्याची परंपराही आहे. श्रद्धेचा मान ठेवून एवढंच म्हणते की आज पाहायला मिळणारे जुने पट, मग ते वैष्णवांचे असोत, जैनांचे असोत की सुफींचे, साधारण अठराव्या शतकापासूनचे आहेत. कापड आणि कागद आपल्या हवेत, आपल्या वाळवीत किती टिकणार? पहिला कोणाचा यावर भांडण्यात मला रस नाही. मला गंमत वाटते ती घरांच्या संख्येची. वैष्णव पटात बहुधा ७२ घरं असतात आणि जैन पटात ८४. चौऱ्याऐंशी म्हटलं की आपल्याला लगेच चौऱ्याऐंशी लक्ष योनी आठवतात. जुने जैन पट बहुतेक गुजरात-राजस्थानातले, त्यातही श्वेतांबर घरांतले. ज्ञानबाजी किंवा ज्ञानचौपड हे त्यांचं नाव. नऊ-नऊ घरांच्या ओळी, त्यांना बाजूला आणि वर जोडलेली काही घरं, खाली नरक, मध्ये मनुष्यलोक, वर देवलोक आणि सगळ्यात वर सिद्धशिला. म्हणजे तीन लोकांचा नकाशाच. त्यावर साप आणि शिड्या. तिकडे पर्युषणात उपवासाच्या दिवशी हा पट मांडून बसायची चाल होती. पोटात अन्न नसताना दुपार लांबते, ती अशी सरत असणार.

आमच्याकडे, दक्षिण महाराष्ट्रातल्या दिगंबर घरांत, ही चाल मी पाहिलेली नाही. त्यामुळे दशलक्षणात मी पट काढायला घेतला तेव्हा घरातल्या ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आक्षेप साधा आणि बरोबर होता. सप्तव्यसनांत पहिलं व्यसन कोणतं? द्यूत. मग ऐन पर्वाच्या दिवसांत फासे कसे? यावर ‘पैसे लावत नाही म्हणजे द्यूत नाही’ हे उत्तर सोपं आहे, पण त्याने माझंही समाधान झालं नाही. खरी अडचण पैशाची नाही. आपलं दर्शन सांगतं की जीव आपल्या पुरुषार्थाने चढतो आणि आपल्या कषायाने पडतो. खेळात मात्र दान पडेल तसं चालायचं. चार पडले तर शिडी, पाच पडले तर साप, यात माझा पुरुषार्थ कुठे? जुन्या लोकांना हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. माझी समजूत अशी की दान म्हणजे कर्माचा उदय. तो हातात नाही. पटावरचं नाव मात्र वाचावं लागतं. साप चावला की त्या घरात काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायचं, मगच सोंगटी खाली न्यायची. ‘मान’ लिहिलेल्या घरातून घसरताना घरातल्या घरात किती हशा पिकतो ते खेळल्याशिवाय कळणार नाही, कारण कुणाच्या मानाची गोष्ट चाललीय ते सगळ्यांना ठाऊक असतं.

जुना पट जसाच्या तसा काढणं मला जमणारं नव्हतं. मी हिशेब केला तेव्हा एक सोय सापडली. गुणस्थानं चौदा. चौदा गुणिले सहा बरोबर चौऱ्याऐंशी! मग पुठ्ठ्यावर सहा-सहा घरांच्या चौदा ओळी काढल्या, एका गुणस्थानाला एक ओळ. तळाला मिथ्यात्व, वर अयोगकेवली, त्याच्यावर अर्धचंद्राची सिद्धशिला. ही माझी जुळवणी आहे, परंपरेची म्हणून कुणाला सांगू नका. फाशांऐवजी चिंचोके घेतले. दोन चिंचोके फोडून चार फाका करायच्या आणि फरशीवर घासून आतली बाजू पांढरी करायची. जितक्या पांढऱ्या तितकी घरं, चारही काळ्या पडल्या तर आठ. आमच्या आज्या सारीपाट अशाच खेळायच्या, त्यामुळे चिंचोके बघून आठ्या थोड्या सैल झाल्या.

आता खरी गोष्ट. गुणस्थानांचा क्रम आपण पाठशाळेत पाठ करतो, पण तो पटावर मांडला की त्यातले साप आपोआप दिसू लागतात. दुसरं गुणस्थान सासादन घ्या. ते चढताना लागतच नाही. पहिल्यातून जीव थेट चौथ्यात जातो, आणि सम्यक्त्वापासून घसरला तरच मिथ्यात्वाला टेकण्याआधी क्षणभर दुसऱ्यात असतो. डोंगराच्या शिखरावरून सुटलेला आणि अजून जमिनीला न लागलेला, असं त्याचं वर्णन करतात. म्हणजे दुसरी ओळ ही सापाच्या पोटातली ओळ. मुलांना हे एका दुपारी कळलं, मला पाठशाळेत दोन वर्षं लागली होती.

सगळ्यात मोठा साप मात्र वर आहे, अकराव्या ओळीत. आठव्या गुणस्थानापासून दोन वाटा फुटतात. एक उपशमश्रेणी, तिथे मोहकर्म दाबलं जातं. दुसरी क्षपकश्रेणी, तिथे ते मुळातून नष्ट होतं. क्षपकवाला दहाव्यातून थेट बाराव्यात जातो आणि मग त्याला पडणं नाही. उपशमवाला दहाव्यातून अकराव्यात, उपशांतमोहात, जातो. तिथे जास्तीत जास्त अंतर्मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत. आणि मग तो उतरणारच. चौदापैकी अकरा पायऱ्या चढलेला, पूर्ण वीतराग झालेला जीव. त्या क्षणी त्याच्यात आणि बाराव्यातल्या जीवात बाहेरून काही फरक नाही. तरी तो खाली येतो, आणि कधी कधी थेट पहिल्यापर्यंत.

नेमिचंद्राचार्यांनी गोम्मटसारात यासाठी गढूळ पाण्याचा दाखला दिला आहे. निर्मळीचं बी टाकलं की गाळ तळाला बसतो आणि पाणी नितळ दिसतं. दहाव्या शतकात, श्रवणबेळगोळच्या बाहुबलीची मूर्ती उभारणाऱ्या चामुंडरायाच्या काळातला हा दाखला. जतच्या बाईला तो समजावून सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं की बॅरलमध्ये तुरटी फिरवायची, रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने काढून गाळून घ्यायचं. वरचं पाणी आरशासारखं असतं. कुणी घाईत तांब्या खोल बुडवला की संपलं. गाळ तिथेच होता, फक्त बसला होता. पाणी गाळून पिणं हा आपल्याकडे नित्याचा नियम आहे, पण त्यात अकरावं गुणस्थान मला याच वर्षी दिसलं.

हा साप मला आवडतो, कारण त्यात शिक्षा नाही. अकराव्यातला जीव तिथे असताना काही पाप करत नाही. त्याची वेळ संपते, म्हणून तो उतरतो. त्याला कुणी नावं ठेवत नाही. पुन्हा चढेल, असंच शास्त्र म्हणतं.

आता हाच खेळ बोटीत बसून विलायतेला गेला तेव्हा काय झालं ते पाहा. इंग्लंडमध्ये १८९२ च्या सुमाराला एफ. एच. एअर्स या कंपनीने तो बाजारात आणला. सुरुवातीच्या इंग्रजी पटांवरही घरांना नावं होती, पण ती बदलली. काटकसर, पश्चात्ताप आणि उद्योग या घरांतून शिड्या निघायच्या आणि पूर्तता, कृपा आणि यश यांच्याशी पोहोचायच्या. चैन, आज्ञाभंग आणि आळस या घरांतून साप निघायचे आणि आजार, बेअब्रू आणि दारिद्र्य इथे आणून सोडायचे. आपल्या पटात साप जास्त, शिड्या कमी. तिथे दोन्ही सारखे करून टाकले. पुढे नावंही गेली आणि नुसते आकडे उरले. १९४३ मध्ये अमेरिकेत तर साप काढून घसरगुंड्या आल्या. बिचाऱ्या सापाला तिथेही जागा राहिली नाही.

मला त्या इंग्रजी पटातला एक साप खटकतो. आळसाच्या तोंडात शिरलं की दारिद्र्यात बाहेर. आपल्या पटावर जीव घसरतो तो भावातून. मान, माया, लोभ, क्रोध यांतून अधिक गढूळ भावात, नाहीतर खालच्या गतीत. इंग्रजी पटावर माणूस घसरतो तो खिशातून. गरीब दिसला की तो आळशी असणार, हे त्या पटाने मुलांच्या बोटांना शिकवलं.

हे नुसतं मुलांच्या खेळात असतं तर मी एवढी रागावले नसते. हा पट बाजारात येण्याच्या पंधरा-सोळा वर्षं आधी, १८७६ ते ७८ मध्ये, दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. विजापूर, म्हणजे तेव्हाचा कलादगी जिल्हा, सोलापूर, सातारा, सगळा हा आमचाच उजाड पट्टा. जत तेव्हा डफळ्यांचं संस्थान, पण पाऊस काही संस्थानाची हद्द बघून पडत नाही. सरकारने दुष्काळी कामं काढली. दगड फोडायचे, रस्ते करायचे. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी कमी केली. पुरुषाला दिवसभराच्या कामाला एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा. विचार असा की जास्त दिलं तर लोक सवकतील आणि सरकारवर बसून खातील. हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला तो संपच होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली आणि अखेर सरकारला हात थोडा सैल करावा लागला. टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांच्या पटावर शिडीच होती म्हणायची.

साडेचारशे ग्रॅम म्हणजे किती ते मी स्वयंपाकघरात मोजून पाहिलं. ज्वारीच्या पिठाच्या पाच भाकरी होतात, सहावी ओढूनताणून. घरी बसलेल्या माणसाला त्या पुरतील. दिवसभर उन्हात खडी फोडणाऱ्याला, त्यातून लेकराला अर्धी मोडून देणाऱ्याला, नाही.

‘बनगरवाडी’ मी हे सगळं डोक्यात असताना वाचली. कॉलेजात असताना एकदा वाचली होती, पण तेव्हा तरुण मास्तर आणि रानातली वाट एवढंच लक्षात राहिलं होतं. कादंबरी १९५५ ची. माडगूळकरांचं माडगुळे आटपाडी तालुक्यात, आमच्याच सांगली जिल्ह्यात. तेव्हा तो मुलूख औंध संस्थानात होता. धनगरांची छोटी वाडी, तिथे एक कोवळा मास्तर शाळा चालवायला येतो. मुलं मेंढरांमागे गेलेली, शाळेत कुणी नाही. हळूहळू कारभाऱ्याचा, वाडीचा विश्वास बसतो. सगळी वाडी मिळून तालीम बांधते, स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या दगडांनी, आणि तिच्यासाठी खुद्द राजा येतो. माळावरच्या त्या चार खोपटांच्या आयुष्यातला तो सर्वांत उंच दिवस. आणि त्यानंतर पाऊस येत नाही. मेंढरं मरतात. एकेक घर गाठोडं बांधून निघतं. वाडी ओस पडते.

वाचता वाचता थांबले. हा अकराव्या ओळीतला साप. कुणी काही वाईट केलं नाही. आळस केला म्हणावं तर त्याच वाडीतल्या शेकूकडे दुसरा बैल नव्हता तेव्हा त्याच्या बायकोने स्वतःच्या खांद्यावर जू घेतलं होतं. त्या बाईला इंग्रजी पटावर कुठल्या घरात बसवणार? माडगूळकर त्या प्रसंगावर उगाच हळहळत नाहीत, सांगून पुढे जातात, आणि म्हणूनच तो जास्त लागतो. माझी एकच तक्रार आहे. त्या बाईचं मन जरा आणखी उघडायला हवं होतं. वाडीतल्या बायका आपल्याला मास्तरच्या नजरेतून, जरा लांबून दिसतात. तरुण अविवाहित मास्तर, तो कितीसा जवळ जाणार, हेही खरं. अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये यावर चित्रपट केला, चंद्रकांत कुलकर्णी मास्तर झाले होते. चित्रपट चांगला आहे, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, पण पानावरचा कोरडेपणा पडद्यावर थोडा सुंदर होऊन जातो. दुष्काळ सुंदर दिसला की मी जरा मागे सरकते.

आमच्याकडे ओस पडणं हे काही कादंबरीतलं नाही. १९७२ च्या गोष्टी सासूबाई सांगतात. २०१२-१३ च्या आणि २०१८-१९ च्या चारा छावण्या मी स्वतः पाहिल्या आहेत. खिल्लार बैल दावणीला, शेजारी कडब्याच्या पेंढ्या, आणि मालक जनावरांसोबत तिथेच मुक्कामाला. जैन समाजातून चारा गेला, धान्य गेलं, टँकर गेले, ते खरंच आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्याच दिवसांत, चारा देऊन परत येताना, एक वाक्य कानावर पडायचं. ‘ज्याचं त्याचं कर्म.’ कुणी वाईट मनाने बोलत नसे. दमून, काही सुचत नाही म्हणून बोललं जायचं. तरी ते वाक्य आणि टेंपलसाहेबांचा हिशेब यांच्यात फार अंतर नाही, असं मला वाटतं. साहेब म्हणत होता, आळशी आहेत म्हणून गरीब आहेत. आपण म्हणतो, मागच्या जन्मी काही केलं असेल म्हणून उपाशी आहेत. दोन्हीकडे बोलणाऱ्याचं पोट भरलेलं.

कर्मसिद्धांत नाकारायचा आहे का? नाही. असातावेदनीय आहे, अंतराय आहे, ते मी मानते. पण ते कुणाच्या बाबतीत उच्चारायचं याचं उत्तर आपल्याच पुराणात आहे, आणि त्यापर्यंत मला तिसऱ्या गोष्टीने, चित्रपटाने नेलं.

‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ चा, काळापांढरा. कथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे व्यंकटेशरावांच्या थोरल्या भावाची. एकाच घरातून ही कादंबरीही निघाली आणि हा चित्रपटही. गोष्टीचं बीजही तिथलंच आहे. औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ मध्ये आपली सत्ता मोठ्या प्रमाणावर लोकांच्या हाती दिली. गांधीजींचा सल्ला होता, आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडचे एक इंजिनिअर मदतीला होते. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांची वसाहत, पण भिंत नाही, गज नाहीत. कैद्यांनी शेती करायची आणि आपल्या बायकामुलांसह राहायचं. ही वसाहत आजही आहे.

चित्रपटात एक तरुण जेलर खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी घेऊन उजाड माळावर जातो. बारा हात त्यांचे, दोन डोळे त्याचे. ते पळून जायला निघतात आणि त्या डोळ्यांची आठवण त्यांना परत आणते. खडकाळ जमीन फोडून ते भाजी पिकवतात, बाजारात स्वस्त विकतात, आणि तिथल्या व्यापाऱ्याच्या पोटात दुखू लागतं. शेवटी मोकळे सोडलेले बैल पीक तुडवू लागतात आणि ते वाचवताना जेलरचा जीव जातो. या झुंजीच्या चित्रीकरणात शांतारामबापूंच्या डोळ्याला खरोखरच इजा झाली होती. चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ मध्ये बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं. काही ठिकाणी तो फार मोठ्याने बोलतो. खेळणी विकणाऱ्या संध्याबाई मध्येच गात येतात तेव्हा मी उठून दूध बघून आले. आणि एक गोष्ट स्वतंत्रपुरात अधिक चांगली होती असं मला वाटतं. तिथे कैद्यांची कुटुंबं सोबत होती. पडद्यावर सहा पुरुष आणि एक आदर्श पुरुष, एवढंच. माणूस सुधारतो तो दोन डोळ्यांमुळे खराच, पण सकाळी कुणीतरी ‘चहा घ्या’ म्हणतं, पोराला शाळेत सोडायचं असतं, त्यामुळेही सुधारतो.

पण त्या जेलरचं नाव काय आहे? आदिनाथ.

शांतारामबापू कोल्हापूरचे, वडील जैन, आई हिंदू. नाव ठरवताना कुणाच्या मनात काय होतं ते ठरवायला मी जाणार नाही. मला मात्र पडद्यावर ते नाव ऐकल्यावर आदिपुराण दिसायला लागलं. भोगभूमी संपली, कल्पवृक्ष देईनासे झाले, लोक भुकेले होऊन ऋषभदेवांकडे आले. तेव्हा त्यांनी काय सांगितलं? तुमचं पाप उदयाला आलंय, भोगा, असं नाही सांगितलं. असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं शिकवली. भुकेला माणूस दारात आल्यावर पहिल्या तीर्थंकरांनी नांगर दाखवला. जिनसेनाचार्यांनी हे नवव्या शतकात संस्कृतात लिहिलं, राष्ट्रकूटांच्या काळात, ज्यांची राजधानी मान्यखेट आमच्यापासून फार लांब नाही. पंपाने ९४१ मध्ये ते कन्नडमध्ये आणलं. आमच्या सीमेवरच्या घरांत ही कथा दोन्ही भाषांत ऐकली जाते. आणि इथे हा पडद्यावरचा आदिनाथ सहा खुनी माणसांना घेऊन माळावर कृषी शिकवतोय!

खुनी माणसं चढतील का, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. अंजन चोर आठवा. झाडाला टांगलेलं शिंकं, खाली उभी रोवलेली शस्त्रं, आणि मंत्रावर विश्वास ठेवून एकेक दोरी कापायची. माळी घाबरून थांबला. चोराने जिनदत्त शेठजींच्या शब्दावर विश्वास ठेवून सगळ्या दोऱ्या एका घावात कापल्या. निःशंकित अंगासाठी आपण उदाहरण देतो ते श्रेष्ठींचं नाही, माळ्याचंही नाही, त्या चोराचं देतो. आणि तो मोक्षाला गेला असं सांगतो.

आता अंतरायाचं. दीक्षेनंतर भगवान आदिनाथांना वर्षाहून अधिक काळ आहार मिळाला नाही. लोक हत्ती द्यायचे, रत्नं द्यायचे, पण मुनींना घासभर अन्न कसं द्यायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. हस्तिनापुरात श्रेयांस राजाने उसाचा रस दिला तो दिवस अक्षय तृतीया. त्या उपासाचं कारण म्हणून एक कथा सांगतात, की शेती शिकवताना त्यांनी मळणीच्या बैलांना मुसकी बांधायला सांगितली होती, त्याचा तो अंतराय. म्हणजे पहिल्या तीर्थंकरांची भूकही कर्मातून सुटली नाही. मग भूक हे पाप्याचं लक्षण कसं ठरेल? श्रेयांस राजाने अंतराय कुठला ते विचारलं नाही. घरात रस होता तो घेऊन दारात आला. चारा छावणीवरून परत येताना ‘ज्याचं त्याचं कर्म’ म्हणणाऱ्यांना मी आता हीच गोष्ट सांगते. कुणी वाद घालत नाही, सगळ्यांनाच ती पाठ आहे. फक्त छावणीशी कुणी जोडलेली नव्हती.

आमच्या पुठ्ठ्यावरच्या पटात ‘दारिद्र्य’ आणि ‘दुष्काळ’ अशी घरं काढायची का, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मुलांचं म्हणणं, जतमध्ये खेळायचं आणि दुष्काळ नाही असं कसं? शेवटी ‘दुष्काळ’ काढला, पाचव्या ओळीत, म्हणजे देशविरतीच्या, आपल्या श्रावकांच्या ओळीत. तिथे साप नाही आणि शिडीही नाही. सोंगटी तिथे आली की खेळणाऱ्याने एक डाव थांबायचं, आणि बाकी कुणीही आपल्या दानातली हवी तितकी घरं त्याला द्यायची. जो देईल त्याची सोंगटी तितकी मागे राहते. सासूबाई पहिल्याच दिवशी आठातले सहा देऊन मोकळ्या झाल्या आणि तरी जिंकल्या. घरातल्या पुरुषमंडळींनी आतापर्यंत एकदाच एक घर दिलंय.

अकराव्या ओळीचा नियम अजून ठरलेला नाही. तिथल्या सापाची शेपटी कुठे टेकवायची? शास्त्रात दोन्ही आहे. आयुष्य संपून उतरला तर देवगतीत, चौथ्या गुणस्थानात. वेळ संपून उतरला तर एकेक पायरी खाली, सहाव्या-सातव्यात थांबला तर थांबला, नाहीतर थेट पहिल्यात. सध्या आम्ही चिंचोके पुन्हा टाकतो आणि जितके पडतील तितक्या ओळी खाली येतो, चारही काळ्या पडल्या तर तळाला. धाकट्याला हे मान्य नाही. त्याच्या मते अकराव्यातून उतरलेल्याला पुढच्या वेळी एक दान जास्त मिळायला हवं, कारण त्याने वरचं एकदा पाहिलेलं आहे. पंडितजी पुढच्या आठवड्यात पाठशाळेला येणार आहेत, तेव्हा पट घेऊन जाणार आहोत.

पट काढायचा असेल तर पुठ्ठा जाड घ्या आणि चिंचोके जुन्या चिंचेचे घ्या, नव्याचे फोडताना तुकडे होतात.

जय जिनेंद्र.